रिचार्जमधील कर आणि शुल्क : दिल्ली–एनसीआरमधील दूरसंचार ग्राहकावरील बोजाचा आढावा

मोबाइल आणि इंटरनेट सेवेसाठी ग्राहक जी रक्कम भरतो, तिचा एक भाग सेवा देणाऱ्या कंपनीकडे न राहता सरकारकडे जातो. यातील एक हिस्सा कर म्हणून बिलावर छापलेला असतो. दुसरा हिस्सा परवाना, ध्वनिलहरींचा वापर, सार्वत्रिक सेवा आणि खांब–केबलसाठी लागणारी जागा यांच्या शुल्कांच्या रूपाने सेवेच्या किमतीत मुरलेला असतो. पहिल्या हिश्श्यावर अर्थसंकल्पाच्या काळात थोडीफार चर्चा होते, तर दुसऱ्या हिश्श्याचे वाद न्यायालये, नियामक संस्था आणि कंपन्या यांच्यापुरते राहतात आणि ज्याच्या खिशातून तो अखेरीस वसूल होतो, त्या ग्राहकाला त्याची कल्पनाही नसते. दिल्ली आणि तिच्या भोवतालचा राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा पट्टा, म्हणजेच दिल्ली–एनसीआर, हा प्रश्न समजून घेण्यासाठी विशेष सोयीचा आहे. धोरण ठरवणारा दूरसंचार विभाग, दर आणि ग्राहकहिताची नियमावली करणारे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), वाद सोडवणारे न्यायाधिकरण आणि सर्वोच्च न्यायालय ही सर्व येथेच आहेत. शिवाय एकाच सेवाक्षेत्रात तीन वेगवेगळ्या राज्य सरकारांचे नागरिक राहत असल्याने करव्यवस्थेचे बारकावे येथे अधिक स्पष्ट दिसतात.

दृश्य कर : पाच टक्क्यांपासून अठरा टक्क्यांपर्यंत

दूरध्वनी सेवेवरील कराची सुरुवात १ जुलै १९९४ रोजी झाली. अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी राजा चेल्लय्या समितीच्या शिफारशींच्या आधारे देशात प्रथमच सेवाकर लागू केला, तेव्हा त्यासाठी दूरध्वनी, सामान्य विमा आणि शेअर दलाली या तीनच सेवा निवडल्या होत्या आणि दर ५ टक्के होता. पहिल्या वर्षी या करातून ४०७ कोटी रुपये जमा झाले. दूरध्वनीची निवड होण्यामागचे कारण व्यवहारी होते : दिल्ली आणि मुंबईत महानगर टेलिफोन निगम आणि उर्वरित देशात दूरसंचार विभाग अशा मोजक्याच संस्था बिले काढत असल्याने वसुलीस वेगळी यंत्रणा लागत नव्हती. शिवाय घरी दूरध्वनी असणे हे त्या काळी सुस्थितीचे लक्षण मानले जात असल्याने हा कर संपन्नांवरचा आहे, असे म्हणण्यास वाव होता.

पुढील दोन दशकांत दर टप्प्याटप्प्याने चढत गेला. २००३ मध्ये तो ८ टक्के झाला, २००४ मध्ये १० टक्क्यांवर शिक्षण उपकर जोडला गेला, १ जून २०१५ पासून तो १४ टक्के झाला आणि त्यानंतर स्वच्छ भारत उपकर व कृषी कल्याण उपकर प्रत्येकी अर्धा टक्का लागल्याने जून २०१६ मध्ये एकूण भार १५ टक्क्यांवर पोहोचला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर (जीएसटी) आला, तेव्हा दूरसंचार सेवा १८ टक्क्यांच्या टप्प्यात ठेवण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने नवी दिल्लीतील ५६व्या बैठकीत करटप्प्यांची मोठी फेररचना केली आणि २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विमा व जीवन विमा करमुक्त झाले. दूरसंचार सेवेचा दर मात्र १८ टक्केच राहिला. १९९४ मध्ये एकाच वेळी कराच्या कक्षेत आलेल्या सेवांपैकी विम्याचा एक महत्त्वाचा भाग गरजेचा म्हणून मोकळा झाला आणि त्याच्याइतकीच गरजेची बनलेली दूरध्वनी सेवा चैनीच्या जुन्या समजुतीत अडकून पडली, ही विसंगती नोंद घेण्यासारखी आहे.

या कराचा प्रत्यक्ष परिणाम प्रीपेड आणि पोस्टपेड ग्राहकांना वेगवेगळ्या रीतीने जाणवतो. प्रीपेड रिचार्जची किंमत करासहित असते, त्यामुळे २९९ रुपयांच्या रिचार्जमध्ये सेवेची मूळ किंमत २५३.३९ रुपये आणि कर ४५.६१ रुपये असतो, पण ही फोड ग्राहकासमोर क्वचितच येते. पोस्टपेड आणि घरगुती ब्रॉडबँडच्या जाहिरातीत उलट मूळ किंमत ठळक असते आणि कर वेगळा लागतो, म्हणून ४९९ रुपयांचे ब्रॉडबँड प्रत्यक्षात ५८८.८२ रुपयांना पडते. १० रुपयांचा टॉप-अप केल्यावर ७.४७ रुपयांचाच टॉकटाइम का मिळतो, याचा उलगडाही याच हिशोबात आहे : करापोटी १.५३ रुपये वजा होऊन ८.४७ रुपये उरतात आणि त्यातून १ रुपया प्रक्रिया शुल्क म्हणून कंपनी घेते. १०० रुपयांच्या टॉप-अपमध्ये प्रक्रिया शुल्क ३ रुपये असल्याने ८१.७५ रुपयांचा टॉकटाइम मिळतो. म्हणजे लहान रकमेच्या ग्राहकावर प्रक्रिया शुल्काचा भार १० टक्के आणि मोठ्या रकमेच्या ग्राहकावर ३ टक्के पडतो. बिल उशिरा भरल्याबद्दलचा दंडही सेवेच्या मूल्यात धरला जात असल्याने त्यावरही जीएसटी लागतो. परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर मात्र ती बिलापोटी वळती करून घेईपर्यंत कर लागत नाही.

व्यावसायिक आणि घरगुती ग्राहक यांच्यातील फरकही येथे महत्त्वाचा ठरतो. नोंदणीकृत व्यावसायिक आपल्या फोन व इंटरनेट बिलावरील कराची वजावट स्वतःच्या करदायित्वातून घेऊ शकतो; या सोयीला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. गुरुग्राममधील मोठ्या कंपनीच्या दृष्टीने १८ टक्के हा काही काळ अडकणारा पैसा असतो, तर त्याच कंपनीच्या इमारतीत पहारा देणाऱ्या किंवा साफसफाई करणाऱ्या कामगारासाठी तो न परतणारा खर्च असतो. उत्पन्न कितीही असले तरी दर एकच असल्याने अल्प उत्पन्नाच्या ग्राहकावर त्याचे ओझे तुलनेने अधिक पडते.

एक सेवाक्षेत्र, तीन राज्ये

दूरसंचार परवान्यांसाठी देशाची विभागणी परिमंडळांत केलेली आहे. दिल्ली परिमंडळात राष्ट्रीय राजधानी प्रदेशाबरोबर उत्तर प्रदेशातील नोएडा व गाझियाबाद आणि हरियाणातील गुरुग्राम व फरिदाबाद यांचा समावेश आहे. मेरठ, अलवर यांसारखी ठिकाणे एनसीआरमध्ये असूनही अन्य परिमंडळांत मोडतात. परवाना आणि ध्वनिलहरी यांच्या दृष्टीने हे एक क्षेत्र असले, तरी जीएसटीच्या दृष्टीने त्याचे तीन भाग पडतात, कारण राज्याचा वाटा सेवा ज्या राज्यात पुरवली गेली असे कायदा मानतो त्या राज्याला मिळतो. हे ठरवणाऱ्या नियमाला पुरवठ्याचे स्थान म्हणतात. एकात्मिक वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १२ नुसार तारेने जोडलेल्या दूरध्वनी व इंटरनेटसाठी जोडणी जेथे बसवली ती जागा, पोस्टपेडसाठी ग्राहकाचा नोंदवलेला बिलाचा पत्ता, दुकानातून घेतलेल्या प्रीपेड रिचार्जसाठी विक्रीची जागा आणि ऑनलाइन रिचार्जसाठी कंपनीकडे नोंदलेला ग्राहकाचा पत्ता धरला जातो. नोएडात राहणाऱ्या, दिल्ली परिमंडळाचा क्रमांक वापरणाऱ्या आणि गुरुग्राममध्ये नोकरी करणाऱ्या माणसाने कॅनॉट प्लेसच्या दुकानात रिचार्ज केले तर राज्याचा वाटा दिल्लीला आणि तेच रिचार्ज मोबाइलवरून केले तर उत्तर प्रदेशाला जातो. ग्राहकाला दोन्ही वेळा १८ टक्केच भरावे लागतात, त्यामुळे या वाटणीचा त्याच्या खिशावर परिणाम होत नाही.

जीएसटीपूर्वी परिस्थिती इतकी सुटसुटीत नव्हती. दूरध्वनी हा संविधानाच्या केंद्रसूचीतील विषय असूनही सिमकार्ड आणि उपकरणांचे भाडे ही वस्तूंची विक्री आहे, असे मानून काही राज्यांनी त्यावर विक्रीकर लावण्याचा प्रयत्न केला आणि ग्राहकावर एकाच सेवेसाठी दुहेरी कर पडण्याची वेळ आली. २ मार्च २००६ रोजी भारत संचार निगम विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विद्युतचुंबकीय लहरी म्हणजे वस्तू नव्हेत, असा निर्वाळा दिला आणि सिमकार्ड हे सेवेचे केवळ साधन असेल तर त्यावर वेगळा विक्रीकर लावता येणार नाही, हे तत्त्व घालून दिले. जीएसटीच्या अनेक दोषांवर बोलताना त्याने हा दुहेरी भाराचा प्रश्न कायमचा मिटवला, हेही मान्य करावे लागते.

अदृश्य शुल्के

किमतीत मुरलेल्या शुल्कांचे मूळ १८८५ च्या तार कायद्यात आहे. त्यानुसार दूरसंचार सेवेचा अनन्य अधिकार केंद्र सरकारचा होता आणि तो परवान्याद्वारे दुसऱ्याला देताना सरकार मोबदला घेऊ शकत होते. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर दिल्लीसह चार महानगरांत प्रत्येकी दोन खासगी कंपन्यांना मोबाइल परवाने मिळाले, तेव्हा शुल्काची पद्धत ठरावीक रकमेची होती. अनेक परिमंडळांत कंपन्यांनी लावलेल्या बोली पेलवेनाशा झाल्या आणि १९९९ च्या नव्या धोरणाने महसुलातील वाट्याची पद्धत आणली. सुरुवातीस तात्पुरता १५ टक्के ठरलेला हा वाटा २००१ मध्ये दिल्लीसारख्या महानगरांसाठी १२ टक्के, २००४ मध्ये १० टक्के आणि २०१३ पासून सर्व परिमंडळांसाठी सरसकट ८ टक्के झाला.

या ८ टक्क्यांचे दोन भाग आहेत. ३ टक्के हे खरे परवाना शुल्क असून उरलेले ५ टक्के दुर्गम व ग्रामीण भागांत सेवा पोहोचवण्यासाठी राखलेल्या निधीसाठी असतात. एप्रिल २००२ मध्ये सुरू झालेल्या या सार्वत्रिक सेवा दायित्व निधीला २००३ च्या कायदादुरुस्तीने वैधानिक दर्जा मिळाला आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडणारा भारतनेट प्रकल्प आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांतील मोबाइल टॉवर यांना पैसा याच निधीतून मिळाला. याचा अर्थ लाजपतनगर किंवा वैशालीतील ग्राहक दर महिन्याला नकळत गडचिरोलीसारख्या जिल्ह्यातील जोडणीसाठी वर्गणी देतो. तत्त्व म्हणून हे न्याय्यच आहे, कारण जाळ्यात जितके अधिक लोक जोडले जातात तितकी प्रत्येकाची जोडणी अधिक उपयोगी ठरते. पण ही रक्कम आधी भारताच्या संचित निधीत जमा होते आणि संसदेने तरतूद केल्यावरच डिजिटल भारत निधीकडे येते. या वाटेत जमा आणि खर्च यांत मोठे अंतर पडत गेले आणि ज्या कारणासाठी पैसा घेतला त्या कारणासाठी तो वर्षानुवर्षे वापरला गेला नाही, ही टीका सातत्याने होत आली आहे.

ही टक्केवारी ज्या रकमेवर मोजली जाते तिला समायोजित सकल महसूल म्हणतात. एकूण महसुलातून दुसऱ्या कंपन्यांना द्यावी लागणारी जोडणी व रोमिंगची रक्कम आणि सरकारला भरलेला जीएसटी वजा करून ती काढतात. व्याज, लाभांश, मालमत्तेची विक्री असे सेवेबाहेरचे उत्पन्न तिच्यात धरावे की नाही, यावर दूरसंचार विभाग आणि कंपन्या यांचा वाद दीर्घकाळ चालला. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विभागाची व्यापक व्याख्या मान्य केली, तेव्हा थकबाकी, व्याज, दंड आणि दंडावरील व्याज मिळून परवाना शुल्कापोटीच ९२ हजार कोटी रुपयांहून अधिक दायित्व उभे राहिले. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने ही रक्कम ३१ मार्च २०३१ पर्यंत हप्त्यांनी भरण्याची मुभा दिली. १५ सप्टेंबर २०२१ च्या सुधारणांत सरकारने सेवेबाहेरचे उत्पन्न पुढील काळासाठी वगळले आणि त्यानंतरच्या लिलावांत घेतलेल्या ध्वनिलहरींवरील वापर शुल्क रद्द केले. त्यापूर्वीच्या ध्वनिलहरींवर महसुलाच्या काही टक्के इतके हे शुल्क परवाना शुल्काव्यतिरिक्त द्यावे लागत होते. याच वादाच्या ओझ्याखाली दबलेल्या व्होडाफोन आयडियाची देणी २०२५ मध्ये समभागांत रूपांतरित होऊन तिच्यातील केंद्र सरकारचा वाटा सुमारे ४९ टक्के झाला. शुल्काच्या व्याख्येवरील वादातून बाजारातील स्पर्धाच धोक्यात आली आणि उरलेल्या कंपन्यांनी जुलै २०२४ मध्ये लक्षणीय दरवाढ केली, तेव्हा ग्राहकापुढे स्वस्त पर्याय फारसे उरले नव्हते.

ध्वनिलहरींच्या लिलावाची रक्कम हाही किमतीत मुरणारा मोठा घटक आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले आणि २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द करताना लिलावाच्या मार्गावर भर दिला. २०१० च्या थ्री-जी लिलावात सर्व परिमंडळांत सर्वाधिक बोली दिल्लीसाठी, ३,३१६.९३ कोटी रुपयांची लागली. २०२२ च्या लिलावात सरकारला देशभरातून सुमारे १ लाख ५० हजार कोटी रुपयांच्या बोली मिळाल्या. लिलावाने वाटपात पारदर्शकता आणली, हे निर्विवाद आहे. परंतु त्यातून येणाऱ्या रकमेकडे केवळ महसूल म्हणून पाहिले गेले, तर तिची परतफेड अखेर रिचार्जमधूनच होते, हेही तितकेच खरे आहे.

२९९ रुपयांच्या रिचार्जवर हा सारा हिशोब मांडला, तर ४५.६१ रुपये जीएसटी, मूळ किमतीच्या ३ टक्क्यांनी सुमारे ७.६० रुपये परवाना शुल्क आणि ५ टक्क्यांनी सुमारे १२.६७ रुपये डिजिटल भारत निधी, असे मिळून जवळपास ६६ रुपये, म्हणजे सुमारे २२ टक्के रक्कम थेट सरकारकडे जाते. ध्वनिलहरींचे हप्ते त्याशिवाय वेगळे. शुल्के किमतीत अंतर्भूत असल्याने त्यांच्यावरही जीएसटी आकारला जातो, म्हणजे शुल्कावर कर चढतो.

खांब, खड्डे आणि स्थानिक संस्था

केबल टाकण्यासाठी रस्ता खणणे आणि टॉवर उभारणे यांसाठी जागेच्या मालकाची परवानगी लागते, तिला मार्गाधिकार म्हणतात. एनसीआरमध्ये ही परवानगी देणाऱ्या संस्थांची यादी लांब आहे : दिल्ली महानगरपालिका, नवी दिल्ली नगरपरिषद, छावणी परिषद, दिल्ली विकास प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग; आणि सीमा ओलांडताच नोएडा प्राधिकरण, गाझियाबादच्या संस्था, गुरुग्राम व फरिदाबाद येथील महानगरपालिका व विकास प्राधिकरणे. प्रत्येकाची दरसूची आणि पद्धत वेगळी असल्याने हा खर्च वाढत असे. २०१६ चे मार्गाधिकार नियम, २०२२ मधील दुरुस्ती आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले नवे नियम यांनी शुल्कांना मर्यादा घातल्या; २०२२ च्या दुरुस्तीत पथदिव्यासारख्या खांबावर लहान अँटेना बसवण्यासाठी शहरी भागात वर्षाला ३०० आणि ग्रामीण भागात १५० रुपये ठरवण्यात आले. टॉवरवर मालमत्ता कर लावण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये मान्य केला होता. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम १४ ने मात्र मालमत्ता कराच्या आकारणीत दूरसंचार जाळे त्या मालमत्तेचा भाग मानले जाणार नाही, अशी तरतूद केली. स्थानिक संस्थांच्या उत्पन्नाचा प्रश्न खरा असला, तरी तो जोडणी महाग करून सोडवणे हिताचे नाही.

इतर देशांचा अनुभव

अमेरिकेत इंटरनेट जोडणीवर कर लावण्यास १९९८ च्या कायद्याने मनाई केली आणि २०१६ मध्ये ती कायमस्वरूपी झाली; मात्र मोबाइलच्या बोलण्याच्या सेवेवर राज्ये व शहरे अनेक कर लावतात आणि सार्वत्रिक सेवेची वर्गणी कंपन्या बिलावर वेगळ्या ओळीत दाखवतात. तेथील ग्राहकावरील भार कमी नाही, पण तो कशाचा आहे हे त्याला कळते. युगांडाने जुलै २०१८ मध्ये समाजमाध्यमे वापरण्यावर दररोज २०० शिलिंगचा कर लावला. अनेकांनी तो चुकवण्याचे मार्ग शोधले किंवा वापर कमी केला आणि २०२१ मध्ये सरकारला तो रद्द करून इंटरनेट डेटावर १२ टक्के अबकारी कर आणावा लागला. या दोन उदाहरणांवरून दिसते की कराचा दर जितका महत्त्वाचा, तितकीच त्याची रचना आणि स्पष्टता महत्त्वाची असते.

निष्कर्ष

१० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटद्वारे होणाऱ्या अभिव्यक्तीस आणि व्यवसायास संविधानाचे संरक्षण असल्याचे म्हटले. रेशन, बँक, रुग्णालयातील नोंदणी, मुलांचा अभ्यास आणि रोजंदारीचे काम मिळवणे हे सारे आज फोनवर अवलंबून आहे. अशा सेवेवर १९९४ च्या दृष्टीने कर लावणे यापुढे समर्थनीय नाही. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ बोलणे व संदेश यांसाठीचे वेगळे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले, ही योग्य दिशेची सुरुवात होती. त्यापूर्वी साधा फोन वापरणाऱ्या वृद्धालाही न वापरलेल्या डेटाची किंमत आणि तिच्यावरचा कर भरावा लागत होता.

याच दिशेने आणखी तीन पावले आवश्यक आहेत. पहिले, बोलण्याचे किमान पॅक आणि अल्प डेटाची रिचार्जे जीएसटीच्या ५ टक्क्यांच्या टप्प्यात आणावीत, म्हणजे सवलत नेमकी गरजूंपर्यंत पोहोचेल. दुसरे, डिजिटल भारत निधीसाठी गोळा झालेली रक्कम त्याच वर्षी त्या निधीकडे वर्ग करावी आणि तसे शक्य नसेल तर वसुलीचा दर कमी करावा. ज्या शुल्काचा विनियोग त्याच्या प्रयोजनासाठी होत नाही, ते नावाने शुल्क राहिले तरी स्वभावाने कर ठरते आणि कर लावायचा तर तो उघडपणे लावला पाहिजे. तिसरे, प्रत्येक रिचार्जच्या संदेशात आणि बिलावर मूळ किंमत, जीएसटी, परवाना शुल्क आणि निधीची वर्गणी वेगवेगळी दाखवणे ट्रायने बंधनकारक करावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, नियामकाचे एक विनियमन पुरेसे आहे.

ग्राहकाच्या हातातही काही साधने आहेत. चुकीच्या आकारणीबद्दल आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे आणि नंतर तिच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, तर दूरसंचार सेवेबद्दलची तक्रार ग्राहक आयोगासमोर चालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. ट्राय कोणताही नियम करण्यापूर्वी सल्लामसलतीचा मसुदा प्रसिद्ध करून सर्वांच्या हरकती व सूचना मागवते; त्या प्रक्रियेत कंपन्यांचे म्हणणे सविस्तर मांडले जाते, सामान्य ग्राहकाचे मात्र क्वचितच. रिचार्जवरील बोजा कमी व्हावा असे ज्यांना वाटते, त्या नागरिकांनी आणि ग्राहक संघटनांनी पुढील मसुद्यावर आपले म्हणणे लेखी नोंदवावे.